कोकणातल्या परड्यात कांदा, लसूण आणि बटाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागरच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचं परडं आहे. चार गुंठे जमीन, वर जांभा, खाली जांभा, भोवती दगडी गडगा. गेली काही वर्षं इथे कांदा, लसूण आणि बटाटा लावतो. गावातले, चाकरमानी नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीचे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

कोकणात ही पिकं होतात तरी का? सगळे म्हणतात, ती घाटावरची.

म्हणतात ते अगदीच खोटं नाही. तिघांनाही कोरडी हवा आणि थंड रात्री आवडतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, ऑक्टोबरात चिकट उकाडा, आणि रत्नागिरीला जानेवारीच्या रात्रीही पारा बहुधा १८-१९ अंशांच्या आसपास. म्हणजे हाताशी थंडीचे धड शंभर दिवस. त्या शंभर दिवसांत बसेल तीच जात निवडायची. नाशिक-पुण्याचं वेळापत्रक इथे चालत नाही.

माझं मत विचाराल तर कांदा बिनधास्त लावा. लसणाची पात भरवशाची, गड्डा मिळाला तर लहान मिळतो. बटाटा ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं हे धरूनच लावा.

कधी काय लावायचं?

कांद्याचं बी गादीवाफ्यावर ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकायचं, रोपं डिसेंबरच्या मध्यापर्यंत लावायची. लसूण दिवाळीच्या आगेमागे, पाऊस खरंच गेला याची खात्री झाल्यावर. बटाटा नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. बटाट्याची घाई करू नका. लावल्यावर महिना-दीड महिन्याने जमिनीत बटाटा धरायला लागतो, आणि तो काळ डिसेंबर अखेर ते जानेवारी असाच पडायला हवा. ऑक्टोबरात लावलेल्या बटाट्याला छान हिरवागार पाला येतो, शेजारी कौतुक करतात, आणि उपटल्यावर खाली गोट्या निघतात.

भात कापून झाल्यावर ज्या मळ्यात वायंगणाइतकी, म्हणजे उन्हाळी भाताला पुरेल इतकी, ओल राहते तिथे कांदा उत्तम येतो. परड्यातच लावायचा असेल तर नारळ-आंब्याच्या सावलीपासून लांब, दिवसाला निदान सहा-सात तास ऊन मिळेल अशी जागा हवी.

कांद्याची कोणती जात घेऊ?

आधी एक गोष्ट समजून घ्या. कांदा पोसायला कधी लागतो ते दिवसाच्या लांबीवर ठरतं. आपल्या देशी जाती लहान दिवसांच्या आहेत. साडेअकरा-बारा तासांचा दिवस झाला की त्यांचा कांदा भरायला लागतो. ऑनलाइन मिळणारी परदेशी बियाण्यांची रंगीत पाकिटं बहुतेक लांब दिवसांच्या जातींची असतात. त्यांना चौदा तासांचा दिवस लागतो, आणि तो कोकणात जूनमध्येसुद्धा होत नाही. माझ्या एका भाच्याने हौसेने असलं पाकीट आणलं होतं. एप्रिलपर्यंत आम्ही त्याची पातच खाल्ली.

दुसरी गोष्ट हंगामाची. बियाण्याच्या पुडीवर ‘खरीप’ लिहिलं आहे की ‘रब्बी’, ते वाचा. बसवंत ७८०, एन-५३, ॲग्रीफाउंड डार्क रेड या मुख्यतः खरिपाच्या जाती. घाटावर त्या पावसाळ्यात होतात. आपल्या पावसात त्या कुजतील आणि हिवाळ्यात लावल्या तर टिकायला कमी. आपल्याला रब्बीची जात हवी.

लाल कांद्यात एन-२-४-१ ही निफाडची जुनी, खात्रीची जात. तिला उन्हाळी कांदा किंवा गावठी म्हणूनही विकतात. चांगली सुकवली तर पाच महिने राहते. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती आणि भीमा किरण याही रब्बीच्या. मी भीमा शक्ती लावली आहे, कांदा एकसारखा येतो. पांढऱ्यात फुले सफेद किंवा भीमा श्वेता घ्या.

आणि आपला स्वतःचा, अलिबागचा पांढरा कांदा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. भातकापणी झाली की अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूच्या गावांत तो लावतात, आणि फेब्रुवारी-मार्चनंतर रस्त्याच्या कडेला त्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. चवीला गोडसर. भाकरीबरोबर नुसता खाता येतो, डोळ्यांत पाणी येत नाही. परड्यासाठी माझी पहिली पसंती हाच. बी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळालं तरच घ्या. ‘अलिबागचा’ म्हणून दुसराच पांढरा कांदा गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत.

अलिबागचं बी आमच्या गावात लावलं तर तोच गोडवा येईल का?

थोडा येईल, तंतोतंत नाही. कांद्याचा तिखटपणा त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे असतो. जमिनीत गंधक जास्त मिळालं, पाण्याचा ताण पडला, ऊन तापलं की कांदा तिखट होतो. म्हणून गोड कांदा हवा असेल तर गंधकयुक्त खतं टाळा, आणि पाणी थोडं थोडं पण नियमित द्या. आमच्याकडचा अलिबागपेक्षा किंचित झोंबतो. तरी बाजारच्या लाल कांद्यापुढे तो साखरच. विकायला काढलात तर मात्र त्याला ‘अलिबागचा’ म्हणू नका. मानांकन त्या भागातल्या उत्पादकांचं आहे.

बी किती लागतं? रोपं कशी करायची?

घरापुरतं फार थोडं. गुंठाभर जागेला साधारण १०० ग्रॅम. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला पाच ग्रॅमसुद्धा जास्तच होतात. पण बी ताजं हवं. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, आणि आपल्या दमट हवेत त्याहूनही आधी. गेल्या वर्षीची उरलेली पुडी वापरायचीच असेल तर आधी वीसेक दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. आठवड्यात निम्मेही उगवले नाहीत तर पुडी टाकून द्या.

गादीवाफा वीतभर उंच करा. बी बोटभर अंतराच्या ओळींत टाका, वर चाळलेलं शेणखत भुरभुरा आणि भाताच्या पेंढ्याने झाका. कोंब दिसले की पेंढा त्याच दिवशी, संध्याकाळी काढायचा. हे विसरलात तर रोपं पिवळी आणि लुळी होतात. सहा-सात आठवड्यांत रोप पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक झालं की लावणी करा. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १०. पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकायचा आणि रोप उथळ लावायचं. खोल लावलेला कांदा गोल न होता लांबुडका होतो.

आमची माती तांबडी, जांभ्याची. चालेल?

चालेल, पण तशीच नाही. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. पाणी झरझर खाली जातं आणि खतही सोबत घेऊन जातं. दर चौरस मीटरला एक-दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत घाला. कच्चं शेण घातलंत तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी आलीच म्हणून समजा. करंजाची पेंड घरात असेल तर मूठभर मिसळा.

आता एक बारीक गोष्ट, जी मी स्वतः चुकून शिकलो. कांद्याला आणि लसणाला आम्लता कमी झालेली आवडते, म्हणून त्यांच्या वाफ्यात चुलीतली राख किंवा लावणीच्या महिनाभर आधी थोडा शेतीचा चुना घालतात. बटाट्याला उलट. चुना किंवा राख पडलेल्या जमिनीत बटाट्याच्या सालीवर खरबरीत खवले येतात. मी एका वर्षी सगळ्याच वाफ्यांना सारखी राख दिली आणि देवीचे व्रण असावेत तसे बटाटे काढले. सोलून खाल्ले, चवीला काही झालं नव्हतं, पण पाहुण्यांसमोर ठेवायची सोय राहिली नाही. चुना किती घालायचा ते मातीपरीक्षणावर ठरवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ते होतं.

कांद्याला मधूनच दांडा फुटून फूल आलं. काय चुकलं?

त्याला डेंगळा म्हणतात. रोपं फार मोठी आणि म्हातारी करून लावली, किंवा मध्येच चांगली थंडी पडून पुन्हा उकडलं, की डेंगळे येतात. खरिपाचं बी रब्बीत लावल्यानेही येतात. डेंगळा दिसताच तो मोडून भाजीत घाला, डाळीच्या पिठाबरोबर छान लागतो. त्या झाडाचा कांदा साठवू नका. त्याच्या पोटात कडक दांडा असतो आणि तो लवकर सडतो. जोड कांदेसुद्धा आधी खाऊन टाकायचे.

टोपलीतल्या कांद्याला कोंब आलेत. तेच पुरले तर?

पात मिळेल. नवा मोठा कांदा मिळणार नाही. कांदा दोन वर्षांचं झाड आहे: पहिल्या हंगामात कांदा, दुसऱ्या हंगामात फूल आणि बी. पुरलेला कांदा फुटून दोन-तीन फाटे होतात आणि मग गोंडे येतात. बी धरायचं असेल तर हाच मार्ग, फक्त त्यासाठी कोंब आलेला कुठलाही कांदा न घेता उत्तम, एकसारखा आणि टिकलेला निवडा. लाल आणि पांढरा शेजारी फुलू देऊ नका. मधमाश्या दोघांचा संकर करतात आणि पुढच्या वर्षी गुलाबी खिचडी हाती येते.

पातीवर पांढरे चट्टे आणि टोकं वाळलेली. कुठला रोग?

बहुधा फुलकिडे. पात फाकवून बुंध्याशी बघा, पिवळसर बारीक किडे पळताना दिसतील. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळून, आठवड्याच्या अंतराने संध्याकाळी फवारा. चट्टा मधोमध जांभळट असेल तर करपा. तो धुक्या-दवाच्या दिवसांत येतो. अशा वेळी पातीवरून पाणी मारणं बंद करा आणि सकाळीच बुंध्याशी पाणी द्या.

बाजारातला लसूण लावला तर चालेल का?

गावठी, बारीक पाकळ्यांचा असेल तर चालेल. टपोऱ्या, पाच-सहा पाकळ्यांच्या डोंगरी लसणाच्या मोहात पडू नका. हिमाचल किंवा उटीचा म्हणून विकतात तो थंड प्रदेशातला, लांब दिवसांचा. आपल्याकडे त्याची पात वाढते, गड्डा धरत नाही. चिनी लसणाच्या आयातीवर तर २०१४ पासून बंदी आहे, तरी बाजारात कुठे ना कुठे दिसतोच. तोही लावू नका.

नावाने मागायचा तर गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, यमुना सफेद, भीमा पर्पल, भीमा ओंकार यांतलं जे मिळेल ते. आमच्याकडे जांभळट सालीचा बारीक लसूण पांढऱ्यापेक्षा बरा आला. पाकळ्या लहान, सोलताना जीव जातो, पण सुकटीच्या चटणीत एक पाकळी पुरते.

लावताना गड्डीच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्याच घ्यायच्या, आतल्या काड्या भाजीला. सोलायच्या नाहीत. टोक वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल, बोटभर अंतरावर खोचायच्या. लावण्याआधी गड्डे तीन-चार आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर गड्डा धरायला मदत होते. जी थंडी आपल्याकडे पडत नाही ती फ्रिजमधून उसनी घ्यायची. आईला हे पटलं नव्हतं. भाजीचा कप्पा लसणाने भरल्याबद्दल मी बोलणी खाल्ली, पण त्या वर्षी गड्डे खरंच बरे आले.

लसूण उपटला तर नुसता एकच गोल कांदा, पाकळ्याच नाहीत!

पाकळी बारीक होती, लावायला उशीर झाला, किंवा थंडी कमी पडली. तीन कारणांपैकी एखादं असतं, आणि कोकणात बहुतेकदा तिन्ही. एकपाकळी लसूण औषधी म्हणून चढ्या भावाने विकतात. तुमच्या हातून तो अपघाताने झाला असेल तर खुशाल खा, किंवा पुढच्या दिवाळीला तोच बियाणं म्हणून लावा. त्याला चांगले पाकळ्यांचे गड्डे येतात.

खरं तर कोकणात लसूण पातीसाठीच लावावा. कुंडीत दाट खोचा, तीन आठवड्यांनी कापा, दोनदा फुटतो. कोळंबीच्या खिचडीत ती पात घालून बघा.

बटाट्याची कोणती जात?

बटाट्याच्या बहुतेक भारतीय जातींच्या नावात ‘कुफरी’ असतं, सिमल्याजवळच्या कुफरी गावावरून. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने त्या काढल्या. त्यांतली एक ‘कुफरी लवकर’. नाव चक्क मराठी आहे, आणि अर्थही तोच. ती दख्खनसाठी काढलेली लवकर येणारी जात, आपल्या शंभर दिवसांत बसते. ‘कुफरी सूर्या’ उष्णता सोसणारी. इतर जातींना रात्र २० अंशांच्या खाली गेली तरच बटाटा नीट धरवतो, सूर्या त्याहून थोड्या उबदार रात्रीतही धरते. किनाऱ्यावर माझी पसंती सूर्याला. ती मिळाली नाही तर कुफरी पुखराज, किंवा बाजारात सर्रास मिळणारी कुफरी ज्योती. ज्योतीला मात्र उकाडा फारसा मानवत नाही.

बियाणं मिळवणं हीच मोठी अडचण. बटाट्याचं बियाणं गोणीने विकतात, किलोने कोणी देत नाही. मंचर-राजगुरुनगरकडे कोणी नातेवाईक असेल तर त्यांना दोन किलो आणायला सांगा. नाहीतर बाजारातलाच बटाटा, पण निवडून. अंगठ्याने साल सुटते असा नवा बटाटा घेऊ नका, तो अजून झोपेत असतो आणि दोन महिने कोंब काढत नाही. जुना, पक्क्या सालीचा घ्या आणि उजेडात, पण उन्हात नको, पसरून ठेवा. शीतगृहातल्या बटाट्यावर कधी कधी कोंब रोखणारं औषध मारलेलं असतं. तीन आठवड्यांत डोळे जागे झाले नाहीत तर त्याची भाजी करा.

मोठा बटाटा कापायचा असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि कोंबडीच्या लहान अंड्याएवढा गर ठेवा. कापलेल्या फोडी दोन दिवस सावलीत सुकू द्या. ओली फोड पुरली की कुजलीच.

पिशवीत थरावर थर माती घालत गेलं की किलोच्या किलो बटाटे निघतात म्हणे?

व्हिडिओत निघतात. लवकर येणाऱ्या जाती मूळ फोडीच्या जरा वरच, एकाच थरात बटाटे धरतात. खोडावर चार फूट माती चढवली म्हणून चार मजले बटाटे लागत नाहीत. १५ इंची पिशवी, निम्मी माती, निम्मं शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात दोन फोडी. झाड वीतभर झालं की एकदा आणि पुढे पंधरा दिवसांनी पुन्हा मातीची भर द्या, बस. काळी पिशवी उन्हात तापते आणि आतली माती तापली की बटाटा धरणं थांबतं. म्हणून पिशवीभोवती नारळाची सोडणं रचा किंवा गोणपाट गुंडाळा. एक किलो बियाण्यातून मला चार किलोच्या वर कधी मिळालं नाही.

हिरवीगार झाडं एका दुपारी अचानक माना टाकून बसली. पाणी तर दिलं होतं.

ही मर. खोड बुडातून कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभं धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या भागातून दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर आहे. आपली उबदार, आम्ल, दमट जमीन तिचं माहेर. औषध नाही. झाड मुळासकट, मातीच्या हेंड्यासकट काढून जाळा. त्या जागी निदान तीन वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची काही लावू नका, सगळी एकाच कुळातली. त्या जागी कुळीथ किंवा मका घ्या.

हिरवा पडलेला बटाटा सोलून खाल्ला तर?

थोडासाच हिरवा असेल तर तो भाग जाड कापून टाका. बराच हिरवा किंवा कडू लागला तर अख्खा फेका. त्यातलं विष शिजवून जात नाही. झाडाला टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळं लागली तर तीही विषारी, मुलांना सांगून ठेवा.

आमची विहीर खाडीजवळ आहे. पाणी मचूळ लागतं.

मग कांदा-लसणाचा नाद सोडा. मिठाला सगळ्यांत हळव्या भाज्यांत कांदा बसतो. डिसेंबरात गोड असलेलं पाणी एप्रिलपर्यंत खारट होतं, असं किनाऱ्यावरच्या पुष्कळ विहिरींचं असतं, आणि नेमका तेव्हा कांदा पोसत असतो. पिशव्यांत, टाकीत साठवलेल्या गोड्या पाण्यावर थोडी पात काढा. वाफ्यात बीट किंवा पालक लावा, त्यांना खारटपणा सोसतो.

काढणी कधी, आणि पावसाळ्यात टिकवायचं कसं?

निम्म्या झाडांच्या माना पडल्या की कांदा काढायचा. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडा. काढल्यावर पातीसकट दोन-तीन दिवस वाफ्यातच, एकाच्या पातीने दुसऱ्याचा कांदा झाकून ठेवा, मग पडवीत सावलीत पंधरवडाभर. पांढरा कांदा उन्हात राहिला तर हिरवट होतो. साठवायचा कांदा पात कापून ठेवायचा असेल तर दोन बोटं मान राखून कापा. वेणी घालायची असेल तर पात थोडी ओलसर असतानाच घाला, वाळली की तुटते. आमच्याकडे वेण्या चुलीवरच्या आढ्याला टांगत. धूर आणि ऊब मिळून जुलैपर्यंत कांदा राहायचा. आता चूल नाही. पंख्याखालच्या खुंटीला टांगतो आणि गणपतीपर्यंत जे टिकतं ते टिकतं. पांढरा कांदा लालपेक्षा कमी राहतो, तो आधी संपवा. बटाटा कांद्याशेजारी ठेवू नका, अंधारात वेगळ्या टोपलीत ठेवा.

रानडुकरं?

बटाटे उकरतात. गडगा कमरेएवढा हवा, नाहीतर पिशव्या अंगणात, कुत्र्याच्या जवळ.

मग पावसाळ्यात परडं रिकामंच ठेवायचं?

कशाला? रताळी लावा. पाऊस लागला की उंच वरंब्यांवर वेलाचे तुकडे खोचायचे, तीन-साडेतीन महिन्यांत नवरात्राच्या उपासाला तयार. दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ ही जात आपल्या पावसासाठीच आहे. कडेला कणगी आणि करांदे हे वेलीचे कंद सोडा, ते थंडीत निघतात. आणि गंमत अशी, की ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याच किनाऱ्यावर उतरला, पण मुळात तो रताळ्याचा. पेरू देशातला हा गोल पाहुणा नंतर आला आणि नाव बळकावून बसला. तेव्हा आमच्या परड्यात जूनमध्ये जो लागतो, त्याला मी खरा बटाटा म्हणतो. बायको म्हणते, आधी वेल विरळ कर.